डोंगरावरचा बिनभाड्याचा मुक्काम

मुक्काम हा शब्द उच्चारला की आज आपल्या मनात काही गोष्टी ओळीने उभ्या राहतात : धर्मशाळा, विश्रामगृह, आगाऊ राखून ठेवलेली खोली, आणि निघताना हाती पडणारे बिल. परंतु मुक्कामाचा आणखी एक प्रकार आहे आणि तो या सर्वांहून जुना आहे. तेथे यजमान नाही, नोकर नाही, दिवा नाही, नळ नाही आणि बिलही नाही. डोंगराच्या माथ्यावर, एखाद्या कोरीव गुहेत अथवा मोकळ्या पठारावर, पाठीवरून वाहून आणलेल्या शिध्यावर आणि अंथरुणावर रात्र काढावयाची व उजाडल्यावर उठून चालू लागावयाचे, असा हा मुक्काम. आज मला बोलावयाचे आहे ते याच मुक्कामाविषयी, आणि विशेषतः त्याच्या बिनभाडेपणाविषयी. ज्या जागेचे भाडे कोणी मागत नाही ती जागा फुकट असते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. हा समज कितपत खरा आहे हे एकदा तपासून पाहणे जरूर आहे.

महाराष्ट्राला या मुक्कामाची जणू तयार सोयच लाभलेली आहे. आपल्यापैकी जे श्रोते दिल्लीत, इंदुरात किंवा बडोद्यात राहतात त्यांनीही सुटीत पुण्या-नाशिककडे आल्यावर सह्याद्रीचे एखादे शिखर पाहिले असेल. हरिश्चंद्रगडावर मंदिराच्या परिसरात कोरीव गुहा आहेत. प्रवरेच्या उगमाकडच्या रतनगडावरही गुहा आहेत आणि वाटसरू त्यांत पिढ्यान् पिढ्या रात्र काढीत आले आहेत. राजमाचीला श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या कुशीत गावच वसलेले आहे. या जागा कोणी सहलीसाठी बांधल्या नाहीत. कोठे तपस्व्याने, कोठे शिबंदीने, कोठे घाटवाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्याने त्यांचा आसरा घेतला. ते सारे गेले आणि जागा उरल्या. त्या उरल्या म्हणून आपण त्यांना फुकट म्हणतो.

परंतु डोंगरावर रात्र काढावयाची म्हणजे छपराआधी पाणी लागते, आणि सह्याद्रीत पाणी ही वस्तू कधीच फुकट नव्हती. या पर्वताचे अंग काळ्या फत्तराचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून ते घडले. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्यावर पाणी कोसळते आणि बहुतेक सारे तितक्याच त्वरेने ओढ्यानाल्यांतून खाली उतरून जाते. दिवाळीनंतर झरे मंदावतात आणि होळीपर्यंत त्यांतील कित्येक आटून जातात. म्हणून या डोंगरांवर ज्यांना राहावयाचे होते त्यांनी छिन्नी-हातोडा घेऊन खडक फोडला आणि पाण्याची टाकी खोदली. काही ठिकाणी टाके खडकाच्या पोटात आडवे नेले आणि छत पेलण्यासाठी मध्ये दगडाचेच खांब राखले. अशा खांबटाक्यात ऊन शिरत नाही, पाणी थंड राहते आणि उन्हाळ्यात कमी आटते. वैशाखात गड चढून आलेल्या माणसाने या टाक्यात तांब्या बुडवावा, म्हणजे ते खोदणाऱ्याची बुद्धी त्याला कोणी समजावून सांगावी लागत नाही.

ही खोदाई प्रत्येक ठिकाणी राजाज्ञेनेच झाली असे नाही. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याच्या टाक्यांपाशी प्राचीन ब्राह्मी लेख आहेत. त्यांत टाक्याला ‘पोढी’ असा शब्द आहे आणि ही पोढी कोणी दान दिली याची नोंद आहे. एका टाक्याचा दाता कल्याणचा सोनार आहे. या गृहस्थाला कान्हेरीच्या डोंगरावर कायमचे राहावयाचे नव्हते. ज्यांची नावे त्याला ठाऊक नव्हती अशा माणसांना पाणी मिळावे एवढ्यासाठी त्याने आपली मिळकत खडकात घातली. डोंगरावरचे भाडे अशा रीतीने कोणीतरी आधीच भरून ठेवलेले असते, ही यातली पहिली लक्षात घेण्याची गोष्ट.

दुसरी गोष्ट रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त सापडते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा राजनीतीवरचा ग्रंथ दुर्गांविषयी फार बारकाईने बोलतो. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी बांधावी, आणि झरा वाहतो आहे म्हणून निर्धास्त राहू नये, असा त्याचा उपदेश आहे. कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि नेमका त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो. याच ग्रंथात गडावरच्या केरकचऱ्यासंबंधीही आज्ञा आहे. वाटांवर, बाजारात किंवा तटावर केर पडू देऊ नये, तो गडाखालीही लोटू नये, जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि तीवर भाजीपाला करावा, असे अमात्य सांगतात. कडा जवळ असताना केर खाली लोटणे हा सर्वांत सोपा मार्ग. तोच मार्ग या राजकारणी पुरुषाने तीनशे वर्षांपूर्वी नेमका बंद केला. आजचा केर प्लास्टिकचा असतो, त्याची भाजीला उपयोगी पडणारी राख होत नाही आणि धूर मात्र विषारी निघतो. तेव्हा जाळण्याचा भाग आपण सोडून द्यावा आणि आपला केर आपल्याच पाठीवरून घरी न्यावा. खाली लोटू नये हा भाग मात्र अक्षरशः पाळण्यासारखा आहे.

आता प्रत्यक्ष मुक्कामाकडे वळू. डोंगरावर जागा निवडणे ही एक छोटीशी विद्याच आहे आणि ती पुस्तकापेक्षा धनगर-गुराख्यांकडून लवकर शिकता येते. ओढ्याचे कोरडे पात्र सपाट आणि वाळूचे म्हणून मोह पाडते. पण वरच्या अंगाला अवकाळी पाऊस झाला तर तेथे रात्रीतून लोंढा येतो. कड्याच्या काठावरून देखावा उत्तम दिसतो, म्हणून काठ पाहण्यासाठी ठेवावा, निजण्यासाठी नव्हे. कोकणातून वर चढणारा वारा रात्री तंबू उचलावयास कमी करीत नाही, आणि झोपेतून उठलेल्या माणसाला अंधारात दिशांचे भान नसते. खोलगट जागेत थंड हवा उतरून साचते, म्हणून थोडी उंचवट्याची परंतु आडोशाची जागा बरी. वळिवाच्या दिवसांत एकट्या झाडाखाली किंवा उघड्या शिखरावर पथारी टाकणे म्हणजे विजेला बोलावणे होय. सह्याद्रीच्या दगडांत फुरशाची वस्ती असते. दगड उलथताना हात आधी घालू नये आणि सकाळी बूट झटकल्याखेरीज पाय आत घालू नये.

जागा निवडताना आपल्या सोयीबरोबर जागेचीही सोय पाहावी लागते. पठारावर कातळाच्या अंगावर मातीचा जो थर असतो तो कित्येक ठिकाणी बोटभरसुद्धा जाड नसतो. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर श्रावण-भाद्रपदात जी फुले येतात ती अशाच तुटपुंज्या मातीवर. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला त्यांत हे पठार आहे. अशा मातीवर तंबू ठोकला, भोवती चर खणला आणि चार जणांनी रात्रभर ये-जा केली, की जे तुडवले जाते ते पुढच्या पावसात वाहून जाते. म्हणून जेथे पूर्वीच्या मुक्कामांनी जमीन उघडी पडलेली आहे तेथेच पथारी टाकावी. नव्या हिरवळीचा मोह धरू नये.

पाणी, विस्तव आणि प्रातर्विधी या तीन बाबतींत डोंगराचे बिल सर्वांत मोठे येते. टाक्यातले पाणी भांड्याने काढून घ्यावे. त्यात हातपाय धुऊ नयेत, भांडी बुडवू नयेत आणि पोहण्याची हौस तर मुळीच भागवू नये. झऱ्याचे पाणी वाहून बदलते, टाक्याचे पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत तेच असते. पिण्याचे पाणी चांगले खळखळून उकळावे. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते. हिमालयात २००० मीटरांच्या वर तीन मिनिटे लागतात, कारण तेथे पाणी कमी उष्णतेवरच उकळते. प्रातर्विधीसाठी टाक्यापासून आणि ओढ्यापासून निदान सत्तर पावले दूर जावे, सहा-आठ इंचांचा खड्डा खणावा आणि तो मातीने बुजवावा. हा विषय सभ्य संभाषणात टाळला जातो याची मला जाणीव आहे. परंतु तो टाळल्यामुळे कित्येक गुहांच्या मागच्या बाजूला काय अवस्था झाली आहे, हे तेथे गेलेल्या प्रत्येकाच्या नाकाला ठाऊक आहे.

विस्तवाचे तसेच आहे. शेकोटीवाचून मुक्कामाला रंगत नाही असे पुष्कळांना वाटते आणि त्यात तथ्यही आहे. पण मार्गशीर्षापासून सह्याद्रीतले गवत वाळू लागते, आणि एक ठिणगी डोंगराचा अख्खा उतार पेटवावयास पुरते. गुहेत पेटवलेली चूल भिंतींना काजळी धरवते. कपारीत आग्या मोहोळ असेल तर धुराने आणि उग्र अत्तरानेही ते उठते, आणि या माश्यांच्या हल्ल्यात माणसे दगावलेली आहेत. लहानसा स्टोव्ह, गरम कपडे आणि एक चांगली घोंगडी जवळ असली की शेकोटीचे बहुतेक काम होते. लोकर भिजली तरी ऊब देते हे धनगराला कोणत्याही विज्ञानाच्या पुस्तकाआधी माहीत होते.

आवाज आणि उजेड यांचेही काही देणे असते. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिर होईपर्यंत राजमाचीच्या आणि अकोले तालुक्याच्या रानात काजव्यांचे दिवस असतात. नर काजव्याचे लुकलुकणे म्हणजे मादीला दिलेला संदेश असतो. त्यावर विजेऱ्यांचे झोत पडले तर तो संदेश पोचत नाही आणि त्या वर्षाची वीण तेवढ्यापुरती बुडते. काजवे पाहावयास आलेल्या माणसाने विजेरी मालवून बसणे एवढेच त्या देखाव्याचे तिकीट आहे, आणि ते फारसे महाग नाही.

हे भाडे कोणी भरलेच नाही तर काय होते, याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात रूपकुंडाच्या वाटेवर बेदिनी आणि आली ही विस्तीर्ण कुरणे आहेत. तिकडे अशा कुरणांना बुग्याल म्हणतात. बेदिनीची उंची ११,००० फुटांच्या आसपास आहे. वर्षाचा मोठा भाग ही कुरणे बर्फाखाली असतात आणि गवताला वाढावयास जेमतेम काही महिने मिळतात. त्या थंडीत घाण कुजत नाही आणि तुटलेले गवत लवकर भरून येत नाही. एके काळी तेथे मेंढपाळ आणि तुरळक प्रवासी मुक्कामाला असत. पुढे तंबूंच्या रांगा आणि कायमचे निवारे उभे राहिले. अखेरीस स्थानिक लोकच न्यायालयात गेले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने राज्यातील बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामास मनाई केली, तेथे जाणाऱ्या पर्यटकांची संख्या २०० वर मर्यादित केली आणि कायमची बांधकामे काढून टाकण्याचा हुकूम दिला. तो हुकूम निष्काळजी माणसाला जसा लागू झाला तसाच सत्तर पावले मोजून चालणाऱ्यालाही लागू झाला. बंदी माणूस पाहून येत नाही.

परदेशातही हेच घडलेले दिसते. स्कॉटलंडने २००३ साली कायदा करून डोंगररानांत जबाबदारीने हिंडण्याचा आणि तंबू टाकण्याचा हक्क सर्वांना दिला. परंतु लॉख लोमंड सरोवराच्या काठी झाडे तोडून जाळ केले जाऊ लागले आणि तंबू, बाटल्या, घाण तेथेच टाकली जाऊ लागली. म्हणून प्रथम २०११ साली पूर्वेच्या काठावर निर्बंध आले. २०१७ पासून तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या ठरावीक पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर या काळात तंबूसाठी परवाना आणि शुल्क सुरू झाले. याउलट नॉर्वेचे पाहा. तेथे १९५७ च्या कायद्याने जुना रिवाजच लिहून काढला. रानात व डोंगरावर कोणालाही मालकाची परवानगी न घेता दोन दिवसांपर्यंत तंबू टाकता येतो, मात्र राहत्या घरापासून निदान १५० मीटर दूर. उन्हाळ्याच्या महिन्यांत जंगलात व जंगलाजवळ विस्तव पेटविण्यावर बंदी आहे आणि निसर्गाला व इतरांना उपद्रव न होईल असे वागणे हे त्याच कायद्याने सांगितलेले कर्तव्य आहे. हक्क आणि बंधन एकाच कागदावर लिहिलेले आहेत. आपल्याकडे तसा कागद नाही. आपल्याकडे रिवाज आहे, आणि रिवाजाला पहारेकरी नसतो.

हा रिवाज पूर्वी टिकला याचे एक साधे कारण असे की जाणारे थोडे होते. दहा माणसांच्या चुका डोंगर एका पावसाळ्यात पोटात घालतो, पाचशे माणसांच्या घालू शकत नाही. आज रस्ते पायथ्यापर्यंत पोचले आहेत, आणि शनिवारच्या रात्री गाजलेल्या गडांच्या माथ्यावर जत्रेसारखी गर्दी होते. याला केवळ नाक मुरडून चालणार नाही. तरुण माणसे चित्रपटगृह सोडून डोंगराकडे वळत असतील तर ते चांगलेच आहे. पण संख्या वाढली म्हणजे प्रत्येकाचा वाटाही वाढतो. काही ठिकाणी वनखाते आता प्रवेशशुल्क घेते आणि काही ठिकाणी रात्री राहू देत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगडचा प्रदेश १९८६ पासून अभयारण्य आहे. तेव्हा निघण्यापूर्वी त्या त्या जागेचे नियम विचारून घेणे आणि ते मनापासून पाळणे, हे या मुक्कामाचे पहिले पाऊल समजावे.

पायथ्याच्या गावांचाही विचार केला पाहिजे. अकोल्याच्या डोंगराळ पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. या भागात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि त्याच भागात उन्हाळ्यात स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी लांब चालावे लागते. आपण माथ्यावर जे सोडून येतो ते पहिल्या पावसाबरोबर यांच्या विहिरीकडे निघते. ज्याला आपण निर्जन म्हणतो तो डोंगर कोणाच्या तरी घराच्या वरचा मजला असतो. म्हणून चढण्यापूर्वी गावात दोन शब्द बोलावे, वाट विचारावी, जमल्यास गावातलाच वाटाड्या बरोबर घ्यावा, उतरल्यावर त्यांच्या घरची पिठले-भाकरी खावी आणि तिचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. माथ्यावर ज्याचे बिल आले नाही त्यातला काही भाग येथे चुकता होतो.

एवढे सगळे नेम पाळावयाचे तर त्या मुक्कामात सुख ते काय, असे कोणी विचारील. सुख आहे, आणि ते या नेमांपासून वेगळे काढता येत नाही. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर पाणी धरण्याचे मान आहे. डोंगरावर तोच माणूस चार-पाच लिटरांत दिवस काढतो आणि आपले काही अडले असे त्याला वाटत नाही. एक भांडे, एक पांघरूण, मूठभर तांदूळ आणि दोन सोबती यांवर रात्र पार पडते. काळोख खरोखर किती काळा असतो आणि त्यावर चांदण्या किती असतात, हे घरच्या गच्चीवरून न दिसणारे दृश्य तेथे दिसते. आपल्या गरजा किती आणि सवयी किती, याचा हिशेब ज्याला करावयाचा असेल त्याने एक रात्र अशी काढून पाहावी. दुसऱ्या कोणाच्या उपदेशाने तो हिशेब इतका लवकर उलगडत नाही.

श्रोतेहो, कान्हेरीच्या टाक्यापाशी त्या सोनाराचे नाव खडकात कोरलेले आहे आणि सुमारे दोन हजार वर्षे ते टिकले आहे. आज गडागडांवर रंगाने आणि खिळ्याने खरडलेली नावेही पुष्कळ दिसतात. दोन्ही नावेच आहेत, परंतु पहिल्याने पाणी दिले आणि मग नाव लिहिले. आपल्याला तेथे टाके खोदावयाचे नाही, तेवढी ताकदही आपल्यात नाही. आपल्याकडून अपेक्षा त्याहून पुष्कळ सोपी आहे. सकाळी पाठीवर ओझे चढवल्यावर एकदा मागे वळून पाहावे. चुलीची राख, कागदाचा तुकडा, दोरीचा वीतभर शेव, काही राहिले असेल ते उचलावे. पाण्यात काही पडले असेल ते काढावे. संध्याकाळी कोणी अनोळखी माणूस घामाघूम होऊन तेथे येईल. त्याला जागा स्वच्छ आणि टाके निर्मळ मिळाले, म्हणजे आपल्या मुक्कामाचे भाडे पोचले असे समजावयास हरकत नाही.